वामनदादांचे गाणे 'पारंपरिक' कधी झाले?

भीमजयंतीच्या मंडपात लोककवी वामनदादा कर्डक यांचे गाणे लागत नाही, अशी बौद्ध वस्ती महाराष्ट्रात शोधून सापडायची नाही. पण गाणे संपले की निवेदक नाव घेतो ते गायकाचे, वाद्यवृंदाचे आणि वर्गणी देणाऱ्या पुढाऱ्याचे. कवीचे नाव घ्यायला त्याला सवड नसते. आता तर मोबाइलवर फिरणाऱ्या दादांच्या गाण्याखाली 'पारंपरिक भीमगीत' असे बिनदिक्कत लिहिलेले असते. १५ मे २००४ रोजी दादा गेले. इतक्या लवकर त्यांचे गाणे बेवारस झाले काय?

दादांचा जन्म १५ ऑगस्ट १९२२ चा, सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचा. शाळेचे तोंड पाहिलेले नाही. पोटासाठी मुंबईला आले. तिथे एकाने पत्र वाचून दाखवायला सांगितले आणि दादांना ते वाचता आले नाही. ती लाज त्यांच्या जिव्हारी लागली. वाढत्या वयात त्यांनी मुळाक्षरे गिरवली आणि १९४३ साली पहिले गाणे लिहिले. पुढे हजारो गाणी झाली. 'वाटचाल', 'मोहोळ' असे संग्रह निघाले, तरी पुस्तकात आले त्याहून कितीतरी अधिक गायकांच्या वह्यांत राहिले.

याचे कारण दादांचा स्वभाव. गावोगाव फिरायचे, ज्याच्या घरी उतरायचे त्याच्याच घरचे व्हायचे आणि गाणाऱ्या पोराच्या हाती गाणे ठेवून पुढे जायचे. चळवळीतल्या गायकांच्या दोन-तीन पिढ्यांचे ते गुरू होते, पण गुरुपणाचा तोरा नव्हता. पोरे त्यांच्याशी दोस्तासारखी बोलत. आमच्या पिढीने त्यांना उतारवयात पाहिले. ज्याला गाता येत नव्हते तोही त्यांच्याकडून बाबासाहेब शिकून उठत असे. वकिलीच्या पुस्तकांनी मला कलमे शिकवली. ती कोणासाठी वापरायची हे त्या गाण्यांनी शिकवले.

दादा उदार होते, भोळे नव्हते. गाण्याच्या शेवटच्या कडव्यात ते 'वामन' हे आपले नाव गुंफीत. संतांनी आणि शाहिरांनी हेच केले. निरक्षर श्रोत्यालाही ऐकून कळावी अशी ही कवीची सही. आज तीन मिनिटांच्या हिशेबात पहिला बळी जातो तो याच कडव्याचा. काही महाभाग तर 'वामन' काढून तिथे स्वतःचे नाव बसवतात. मी या कानांनी ऐकले आहे.

कायदा काय सांगतो? १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे कवीच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या रचनेवरचा हक्क त्याच्या निधनानंतर ६० वर्षे राहतो. म्हणजे दादांच्या अशा गाण्यांवरचा हक्क २०६४ अखेरपर्यंत आहे. त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही. कलम ५७ तर आणखी पुढे जाते. हक्क विकले तरी 'ही रचना माझी आहे' असे म्हणण्याचा कवीचा अधिकार विकला जात नाही. २०१२ च्या दुरुस्तीनंतर तो अधिकार त्याचे कायदेशीर वारसही बजावू शकतात. लगेच कोणी घाबरून गाणे बंद करू नये. हौशी मंडळाने तिकीट न लावता गाणे म्हटले तर कलम ५२ त्याला मोकळीक देते. वस्तीतले गाणे गुन्हा नाही. कवीचे नाव पुसून त्यावर कमाई करणे ही मात्र निराळी गोष्ट आहे.

कोणी म्हणेल, दादांनी तरी सिनेगीतांच्या चाली उचलल्याच ना? उचलल्या. जलशाच्या काळापासून चळवळीची रीतच ती, कारण चाल ओळखीची असली की विचार लवकर पोहोचतो. पण दुसऱ्याच्या शब्दांखाली त्यांनी आपले नाव लिहिले नाही.

ज्या समाजाचे नाव इतिहासाने हजारो वर्षे पुसले, त्याने आपल्याच कवीचे नाव पुसावे हे मला सोसत नाही. यासाठी कोर्टात जाण्याची गरज क्वचितच पडेल. निमंत्रणपत्रिकेवर गायकाशेजारी कवीचे नाव छापायला शाईचा खर्च किती येतो? आमच्या मंडळाने गायन पार्टीला सुपारी देतानाच अट घातली आहे : कवीचे नाव आधी सांगायचे आणि शेवटचे कडवे गाळायचे नाही. पहिल्या वर्षी पार्टीने वेळेची कुरकुर केली. आम्ही पुढाऱ्यांचे दोन सत्कार कमी केले.