पक्ष कोणाचा? सभासदाचा की मतदाराचा?

अमेरिकेत अध्यक्षीय निवडणुकीचे वारे वाहू लागले की आपल्याकडील वृत्तपत्रे तेथील ‘प्रायमरी’च्या म्हणजेच प्राथमिक निवडणुकीच्या बातम्यांनी भरून जातात. पक्षाचा उमेदवार श्रेष्ठींनी नव्हे, तर सामान्य मतदारांनी निवडायचा, या कल्पनेचे आपल्या विचारवंतांना मोठे अप्रूप आहे. परंतु हा सामान्य मतदार नेमका कोण, याविषयी त्या देशात शतक उलटून गेले तरी एकमत झालेले नाही.

आपल्याकडे पक्षाचे सभासदत्व पक्षाच्या कार्यालयात नोंदले जाते. अमेरिकेतील सुमारे ३० राज्यांत मात्र मतदार नोंदणीच्या वेळीच पक्षाची निवड सरकारदफ्तरी लिहिली जाते. जो कोणताच पक्ष निवडत नाही, तो अपक्ष मतदार. गॅलप संस्थेच्या २०२४ मधील पाहण्यांत ४३ टक्के नागरिकांनी स्वतःला अपक्ष म्हणवून घेतले. एवढ्या मोठ्या वर्गाने प्राथमिक निवडणुकीत काय करायचे?

उत्तर राज्यागणिक बदलते. पेनसिल्व्हानिया व न्यूयॉर्कमध्ये त्याला दार बंद. २०१६ मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांच्या दोन अपत्यांनाही पक्षनोंदणीची मुदत हुकल्यामुळे न्यूयॉर्कमध्ये वडिलांना मत देता आले नाही. मॅसॅच्युसेट्समध्ये राज्यव्यापी लढतीत ३ टक्के मते किंवा एकूण मतदारांत १ टक्का नोंदणी असलेला पक्ष मान्यताप्राप्त ठरतो आणि अपक्ष मतदार अशा कोणत्याही एका पक्षाची मतपत्रिका मागू शकतो. न्यू हॅम्पशायरमध्येही हीच मुभा आहे. २००० मध्ये जॉन मॅक्केन यांनी तेथे जॉर्ज बुश यांना हरविले, ते अपक्षांच्या भरघोस पाठिंब्यावर.

न्यायालयाचा कौल पुरेसा बोलका आहे. अपक्षांना आपल्या प्राथमिक निवडणुकीत बोलावण्याचा कनेक्टिकटच्या रिपब्लिकन पक्षाचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये मान्य केला. उलट, सर्वांना सर्व पक्षांच्या उमेदवारांत मुक्त निवड देणारी कॅलिफोर्नियाची पद्धत २००० मध्ये त्याच न्यायालयाने रद्द केली. दार उघडावे की लावावे, हे घरमालकाने ठरवावे, असा याचा सरळ अर्थ.

हे तत्त्व आम्हाला योग्य वाटते. पक्ष ही एका विचाराने बांधलेली संघटना असते; ती वाटसरूंची धर्मशाळा नव्हे. ज्याने विचार स्वीकारला नाही, जबाबदारी घेतली नाही, त्याने एका दिवसापुरते येऊन नेतृत्व ठरवावे, हे संघटनेच्या मुळावर येणारे आहे. मात्र अपक्षांची तक्रारही खोटी नाही. बंद दाराआडची ही निवडणूक बहुतेक ठिकाणी सरकारी खर्चाने होते. करदात्याचा पैसा घ्यायचा आणि त्यालाच उंबरठ्यावर अडवायचे, हा न्याय नव्हे. दार बंद ठेवायचे असेल, तर पक्षाने खर्चही स्वतः सोसावा.

भारतात हा प्रयोग काँग्रेसने २०१४ मध्ये काही निवडक लोकसभा मतदारसंघांत केला. वर्ध्यात त्यातून पुढे आले ते तेव्हाचे खासदार दत्ता मेघे यांचे पुत्र सागर मेघे. बडोद्यात नरेंद्र रावत यांची निवड झाली. पण तेथे नरेंद्र मोदी उभे राहणार हे ठरताच ती जागा मधुसूदन मिस्त्री यांना देण्यात आली. पद्धत आयात करता येते, वृत्ती नाही!

परंतु इतरांकडे बोट दाखवून आपली सुटका होत नाही. वर्षानुवर्षे सतरंज्या उचलणारा कार्यकर्ता मागे राहतो आणि निवडणुकीच्या तोंडावर आलेल्या पाहुण्याला उमेदवारी मिळते, तेव्हा आपलाही पक्ष धर्मशाळाच होत नाही का? उमेदवार निवडीत कार्यकर्त्याचे मत मोजले गेले पाहिजे. त्याच वेळी कोणत्याच झेंड्याखाली न येणाऱ्या शेजाऱ्याच्या मनात काय आहे, हे जाणून घेण्याचे कामही त्याच कार्यकर्त्याचे आहे. मतपत्रिका हाती नसली, तरी समाजाचा हा कौल ऐकू येतो. त्यासाठी घरोघरचा संपर्क मात्र अखंड हवा.