अरण्याचे माळी

आमेझॉनच्या अरण्यांत ब्राझील नटाचा वृक्ष १५० फुटांपर्यंत उंच वाढतो. त्याचें नारळासारखें कठीण फळ भुईवर पडलें म्हणजे उंदराच्या जातीचा, मांजराएवढा अगूती तें कुरतडून फोडतो. आंतील दहावीस बियांपैकीं कांहीं तो खातो, बाकीच्या ठिकठिकाणीं पुरून ठेवतो. ज्या विसरतो, त्यांतून नवे वृक्ष उगवतात. पुराच्या दिवसांत तांबाकी मासा बुडालेल्या रानांत शिरतो, पडलेलीं फळें खातो आणि त्यांचें बीज दूरवर नेऊन सोडतो.

झाडें तोडलीं म्हणजेच अरण्य नष्ट होतें, अशी आपली समजूत. परंतु अगूतीची पारध व तांबाकीची बेसुमार मासेमारी झाल्यास वृक्ष उभे असूनहि त्यांचा वंश खुंटण्याचें भय असतें. वाचकहो, माळी गेल्यावर बाग किती काळ टिकावी?