सही आपली, हात दुसऱ्याचा

दिवाळीच्या अंकात माणसाने फराळावर लिहावे, फार तर जावईबापूंच्या पाहुणचारावर लिहावे, असा एक अलिखित दंडक आहे. मी मात्र यंदा जकातीवर लिहिणार आहे. पण वाचकहो, एवढ्यात पान उलटू नका! ज्या घरातला मुलगा किंवा मुलगी परदेशात आहे, आणि असे घर शोधायला आता फार लांब जावे लागत नाही, त्या घराच्या दिवाळीत लाडू-चिवड्याच्या मागोमाग जकात येतेच. इथून डबा जातो, तिथून खोके येते. आणि खोक्याच्या आधी येतो एक कागद. 'आमच्या वतीने हे पार्सल सोडवून घेण्याचा अधिकार आम्ही अमक्यास देत आहोत,' असे त्यावर लिहिलेले असते, आणि खाली सहीसाठी एक रिकामी रेघ.

आज मला त्या रिकाम्या रेघेविषयीच बोलायचे आहे.

आपण माणसे तशी हिशेबी. दूधवाल्याचे खाडे कॅलेंडरवर मांडतो. गावाला जाताना शेजाऱ्याकडे किल्ली ठेवायची तर घरात दोन दिवस खल होतो. पण कुणी सही मागितली, की आपण एवढेच विचारतो, "कुठे करू?" 'कशावर करू?' हे विचारणे आपल्याला असभ्यपणाचे वाटते. समोरच्याला काय वाटेल! त्यातून कागद छापील असला, अक्षर बारीक असले आणि वर एखाद्या मोठ्या कंपनीचे नाव असले, म्हणजे तर वाचण्याचा प्रश्नच मिटला.

आता हा कागद मुळात लागतो कशाला, ते पाहू. परदेशातून आलेली वस्तू देशात उतरली की ती आधी सीमाशुल्क खात्यापुढे, म्हणजे आपल्या बोलीत कस्टमपुढे, जाते. वस्तू काय आहे, किंमत किती, कुणासाठी आली, याचे निवेदन द्यावे लागते. त्याला 'बिल ऑफ एंट्री' म्हणतात. १९६२ च्या सीमाशुल्क कायद्याप्रमाणे हे निवेदन माल मागवणाऱ्याने करायचे असते. पण पन्हाळ्यावर राहणाऱ्या माणसाने एका खोक्यासाठी एस.टी.ने कोल्हापूर गाठावे, तिथून रात्रीच्या गाडीने मुंबई, आणि सकाळी विमानतळावरच्या खिडकीपुढे उभे राहावे, हे कसे जमायचे? म्हणून कायद्याने मध्यस्थाची सोय केली. या मध्यस्थाला सरकारी परवाना लागतो. पूर्वी त्याला 'कस्टम हाउस एजंट' म्हणत. २०१३ पासून 'कस्टम्स ब्रोकर' म्हणतात. कुरियर कंपन्याही खात्याकडे नोंदणी करून हेच काम करतात. २०१८ च्या नियमावलीने ब्रोकरवर दोन गोष्टी बंधनकारक केल्या आहेत: ज्याचे काम करायचे त्याच्याकडून अधिकारपत्र घ्यायचे, आणि तो माणूस खरोखर तोच आहे ना, त्याचा पत्ता खरा आहे ना, हे पडताळायचे. तेव्हा कागद मागणारा आपल्याला छळत नसतो. न मागता काम करणाराच नियमाबाहेर वागत असतो.

टपालाने येणाऱ्या पार्सलाचा मामला थोडा सोपा. तिथे टपालखाते स्वतःच ते कस्टमपुढे मांडते, आणि आकारलेली जकात पोस्टमन दारात वसूल करतो.

इथपर्यंत सारे सरळ आहे. खरी मेख त्याच कायद्याच्या १४७ व्या कलमात आहे. माल मागवणाऱ्याने जे करायचे ते त्याचा मुखत्यार करू शकतो, असे ते सांगते. आणि लगेच पुढे म्हणते, की मुखत्याराने जे केले ते, उलट सिद्ध होईपर्यंत, धन्याला ठाऊक होते आणि त्याच्या संमतीनेच झाले असे समजले जाईल. म्हणजे हात त्याचा, पण बोलणे आपले! 'मला काय ठाऊक, त्यांनीच सगळे केले' हे वाक्य आपण बँकेत, शाळेत, लग्नाच्या बैठकीत कुठेही खपवू शकतो. इथे ते सहजी खपत नाही. खोटे नसल्याचा पुरावा आपण आणायचा.

हे कलम मला वाचायला लागले ते आमच्या शेजारच्या बाईंमुळे. बाई म्हणजे निवृत्त शिक्षिका. आमच्या आळीतली दोन पिढ्यांतली मुले त्यांच्या हाताखालून गेली. पन्हाळ्याचे धुके आणि पावसाळ्यातली ओल गुडघ्यांना मानवत नाही. म्हणून त्यांच्या मुलाने परदेशातून शेक देणारा विजेचा पट्टा, एक लोकरी बंडी आणि नातीने काढलेली चित्रे असे खोके धाडले. चार दिवसांनी फोनवर अधिकारपत्राचा नमुना आला. बाई चष्मा पुसत माझ्याकडे आल्या.

"भाऊ, एवढं बघता का? सही केली की खोकं सुटतं म्हणतात."

मी वाचू लागलो. पहिला परिच्छेद ठीक होता. दुसऱ्यात 'या व यापुढे येणाऱ्या सर्व पार्सलांसाठी' असे शब्द होते. पार्सलाच्या क्रमांकाची जागा कोरी होती. तारखेची मुदत कुठेच नव्हती.

"आणि किंमतीचं काय लिहिलंय?" मी विचारले.

"ते त्यानं बघितलंय. किंमत थोडी कमीच लिहिलीय, आणि वर 'गिफ्ट' म्हणून लिहिलंय. म्हणजे जकात बसायची नाही म्हणाला."

हा 'गिफ्ट'चा समज आपल्याकडे फार खोल रुजला आहे. एके काळी ठरावीक किमतीपर्यंतच्या भेटवस्तूंना सवलत होती, हे खरे. पण डिसेंबर २०१९ मध्ये सरकारने तो दरवाजा लावून घेतला. भेट म्हणून जकातीविना वस्तू आणण्याची मुभा उरली ती फक्त जीवरक्षक औषधांना आणि राखीला. हो, राखीला! बहिणीचा धागा सुटतो. त्याच्यासोबतची मिठाई मात्र सुटत नाही. बाकीच्या भेटी जकात भरून खुशाल आणाव्यात. आणि किंमत कमी दाखवली तर माल जप्त होऊ शकतो, वर दंडही होऊ शकतो.

मी बाईंना १४७ वे कलम जमेल तसे समजावले. त्या क्षणभर गप्प राहिल्या. मग तीस-पस्तीस वर्षे परीक्षेच्या वर्गावर देखरेख केलेल्या आवाजात म्हणाल्या, "म्हणजे कॉपी त्यानं करायची, आणि पेपरवर नाव माझं?"

कलमाचा याहून चांगला अर्थ मी तरी ऐकलेला नाही.

त्या रात्री बाईंनी मुलाला फोन लावला. काय बोलल्या ते भिंतीपलीकडून मला कळले नाही. पण सकाळी खऱ्या किंमतीचे बिल येऊन पडले होते. आम्ही कंपनीला कळवले, की अधिकार देतो तो या एकाच पार्सलापुरता, या क्रमांकाचा, या महिन्यापुरता. फोनवरच्या मुलीने दुसरा नमुना लगेच पाठवला; तो त्यांच्याकडे तयारच होता! मागितला नाही म्हणून दिला नव्हता, इतकेच. बाईंनी जकात भरली, पावती फायलीत लावली, आणि आठवड्याने खोके दारात आले. नातीची चित्रे सध्या भिंतीवर आहेत. त्यांना जकात बसली नाही, याचा बाईंना अजून अचंबा वाटतो.

या प्रकरणानंतर एका संध्याकाळी मी गडावर फिरत होतो. फिरता फिरता मनात आले, की दुसऱ्याला आपल्या वतीने बोलू देणे म्हणजे काय, हे पन्हाळ्याइतके दुसऱ्या कुणाला ठाऊक असणार? १६६० च्या जुलैमध्ये सिद्दी जौहरच्या वेढ्यातून महाराज निसटले, तेव्हा नेबापूरचा शिवा काशीद महाराजांचा वेष घेऊन दुसऱ्या पालखीत बसला. नाव महाराजांचे, आणि मरण मात्र त्याचे स्वतःचे. असा मुखत्यार कुठल्याही कायद्यात बसत नाही, आणि कुठल्याही अधिकारपत्राने मिळत नाही. त्याचे स्मारक पाहताना आपण मान लववतो.

दुसरे उदाहरण मात्र थेट कागदाचे आहे. १६८९ साली संभाजीमहाराजांच्या हत्येनंतर राजाराममहाराज दूर दक्षिणेत जिंजीकडे निघाले ते याच पन्हाळ्यावरून. इकडचा मुलूख औरंगजेबाच्या तोंडी. दर निर्णयाला जिंजीहून हुकूम मागवायचा म्हटले, तर हुकूम येईपर्यंत किल्ला जायचा! म्हणून महाराष्ट्रातल्या कारभाराचा अधिकार रामचंद्रपंत अमात्यांना दिला गेला, 'हुकमतपनाह' या किताबासह. राजाराममहाराज १६९८ मध्ये परतले. म्हणजे नऊ वर्षे एका माणसाच्या हाती धन्याचा शब्द होता, आणि तो माणूस त्या शब्दाला जागला. पंतांचा शेवट १७१६ मध्ये पन्हाळ्यावरच झाला. त्यांची समाधी इथेच आहे. त्यांच्या नावावरच्या आज्ञापत्रात गडकोटांबरोबर सावकार-व्यापाऱ्यांचा आणि परक्या टोपीकरांचाही विचार आहे, तो उगीच नाही. २०२५ च्या जुलैमध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा ठरवले. त्या यादीत पन्हाळाही आहे आणि जिंजीही. अधिकार देणाऱ्याचा गड आणि घेणाऱ्याचा गड पुन्हा एका कागदावर आले!

तुम्ही म्हणाल, कुठे हुकमतपनाह आणि कुठे शेक द्यायचा पट्टा! कबूल. पण यातली एक गोष्ट बारकाईने पाहा. एवढा मोकळा अधिकार दिला गेला तो कुणाला? शिवाजीमहाराजांच्या राज्याभिषेकाच्या वेळी अष्टप्रधानांत बसलेल्या माणसाला. पंधरा वर्षे पारखलेल्याला. आपण तोच 'सर्व व यापुढील' अधिकार कुणाला देतो? ज्याचा चेहरा पाहिला नाही, आणि उद्या ज्याच्या जागी दुसराच कुणी बसणार आहे, त्याला. माणूस जितका अनोळखी, तितका अधिकार आखूड असावा, हा साधा हिशेब आहे.

हा हिशेब घरी कसा मांडावा, तेही सांगतो. अधिकारपत्रावर पार्सलाचा क्रमांक, कंपनीचे पूर्ण नाव, कामाचे स्वरूप आणि मुदत असावी. कोऱ्या जागा सहीआधी भराव्यात, नाहीतर रेघ मारून बंद कराव्यात. ओळखपत्राची प्रत देताना तिच्यावर 'अमुक पार्सलासाठीच' असे आडवे लिहून तारीख घालावी. जकात वेगळी आणि कंपनीची हाताळणीची फी वेगळी; दोन्हींचे आकडे वेगवेगळे मागावेत आणि बिल ऑफ एंट्रीची प्रत ठेवून घ्यावी. यात लाजण्यासारखे काही नाही. मागेल तेव्हा धन्याला हिशेब देणे हे मुखत्याराचे कर्तव्यच आहे, असे १८७२ चा करार कायदा सांगतो. अधिकार काढून घ्यायचा झाला तर तो लेखी काढावा, आणि ज्यांच्याशी त्या मुखत्याराने आपल्या वतीने व्यवहार केला त्यांनाही कळवावे. कारण त्यांना कळेपर्यंत त्यांच्यापुरता तो अधिकार जिवंतच राहतो.

अलीकडे आणखी एक संकट आले आहे. दुपारी घरातली वडील माणसे एकटी असताना फोन येतो: 'तुमच्या नावाचे पार्सल कस्टममध्ये अडकले आहे, त्यात अमली पदार्थ सापडले, तुम्हाला डिजिटल अटक झाली आहे, पैसे भरा.' आपल्या देशाच्या कायद्यात डिजिटल अटक नावाची चीज नाही. कस्टमचे खाते फोन करून कुणाच्या खासगी खात्यात जकात मागत नाही. खात्याच्या खऱ्या पत्रावर ओळखीचा एक क्रमांक असतो, आणि तो खात्याच्या संकेतस्थळावर पडताळता येतो. असा फोन आला तर तो खाली ठेवावा. पैसे गेले असतील तर लगेच १९३० हा क्रमांक फिरवावा. घरातल्या आजी-आजोबांना हे आजच सांगा. फराळाच्या ताटावर सांगितलेत तर अधिक लक्षात राहील.

मात्र या साऱ्याचा अर्थ 'कुणावरही विश्वास ठेवू नका' असा काढू नका. विश्वासावाचून संसार चालत नाही, आणि विश्वासावाचून मुंबईचे खोके पन्हाळ्याला येत नाही. कोल्हापूरच्या पेठेतल्या जुन्या पेढ्यांवर पाहा. वर्षभर चोपडी दिवाणजींच्या हाती असते. शेटजी तिच्याकडे फारसे बघतही नाहीत. पण लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी नवी चोपडी उघडली, की पहिल्या पानावर 'श्री' काढायला शेटजी स्वतः सरसावून बसतात. पुढची सारी पाने दुसऱ्याने लिहायची असतात, म्हणूनच पहिले अक्षर ते स्वतःच्या हाताने लिहितात.

तुमची दिवाळी सुखाची जावो, आणि दूरदेशीची खोकी वेळेवर पोहोचोत.