आमच्या घरात गाजराचा हलवा होत नाही



गेल्या महिन्यात माझ्या नातीची इंग्रजीची वही हाती आली. ती सहावीत आहे, इंग्रजी माध्यमात. वहीचं कव्हर फाटलं होतं, ते बदलायला बसले तर मधलं पान उघडलं. निबंध होता, 'माय ग्रँडमदर'. असा निबंध न वाचता कुठली आजी वही मिटेल? चष्मा लावला आणि वाचायला लागले.

निबंधातली आजी सत्तर वर्षांची होती. केस कापसासारखे पांढरे, हातात काठी. ती रोज रात्री राजाच्या आणि परीच्या गोष्टी सांगायची. आणि शेवटी काय, तर तिच्या हातच्या गाजराच्या हलव्याला जगात तोड नाही! दहापैकी नऊ गुण, आणि खाली लाल शाईत 'एक्सलंट'.

आता तुम्हाला काय सांगायचं? आमच्या घरात कंदमूळ येत नाही. लग्न होऊन आले त्याला ४२ वर्षं झाली, या स्वयंपाकघरात मी एकदाही गाजर किसलेलं नाही. काठी अजून लागत नाही. सत्तरीलाही पाच वर्षं बाकी आहेत. नातीला जवळ बोलावून विचारलं, "बाळा, ही कुठली गं आजी?"

ती अगदी सहज म्हणाली, "आजी, ती निबंधातली आजी आहे. क्लासच्या मॅमनी लिहून दिलीय. सगळ्यांची सेमच आहे."

तेव्हा आम्ही दोघी खूप हसलो. रात्री मात्र मला झोप लागली नाही. कारण ही निबंधातली आजी मला ओळखीची वाटली. माझ्या शाळेतही तिची एक बहीण होती, 'माय व्हिलेज' नावाची.

आमचं गाव कृष्णाकाठचं. मराठी शाळा. त्या वेळी इंग्रजी पाचवीपासून सुरू व्हायचं. (पहिलीपासून इंग्रजी आलं ते २००० साली, तोवर माझी मुलं मोठी झाली होती.) १९७० साली मी पाचवीत 'ए बी सी डी' गिरवली आणि १९७६ साली दहावीची परीक्षा दिली. घरी वडिलांची तर्खडकरांची भाषांतर पाठमाला होती, पानं पिवळी पडलेली. शाळेत सर फळ्यावर काळांचा तक्ता काढायचे आणि आम्ही तो पाढ्यांसारखा म्हणायचो. कर्तरी प्रयोगाचा कर्मणी करा, प्रत्यक्ष कथनाचं अप्रत्यक्ष करा, असे शंभर प्रश्न मी सोडवले असतील. पण स्वतःच्या मनातलं एक वाक्य इंग्रजीत लिही, असं मला सहा वर्षांत कुणी सांगितलं नाही. निबंध पाठ करायचा असायचा. 'माय व्हिलेज'मध्ये एक नदी होती, हिरवीगार शेतं होती, साधी-भोळी माणसं होती. तो मी न अडखळता म्हणून दाखवायची.

पुढे बी.कॉम. झाले. ऑडिटिंगच्या व्याख्यासुद्धा तशाच पाठ केल्या. १९८२ साली एका बँकेत मुलाखतीला गेले. समोर तीन साहेब. एकांनी इंग्रजीत विचारलं, तुमच्या गावाबद्दल सांगा. मला आनंदाने काय करू नि काय नको झालं! 'माय व्हिलेज' पहिल्या शब्दापासून सुरू केलं. साहेबांनी मधेच हात वर केला आणि विचारलं, गावात पीक कुठलं घेतात?

मैत्रिणींनो, माझे वडील भुईमूग आणि ऊस लावायचे. शेंगा वाळवताना, पोती शिवताना, सांगलीच्या बाजारात गाडी जाताना मी सगळं पाहिलेलं. भुईमुगाला इंग्रजीत काय म्हणतात तेही येत होतं. पण निबंधातल्या गावात भुईमूग नव्हता. त्यामुळे वाक्य जुळेना. मी "येस सर" म्हणाले आणि गप्प बसले. आपल्याच गावाबद्दल, आपल्याच वडिलांच्या शेताबद्दल, मला एक वाक्य सांगता आलं नाही.

ती नोकरी मिळाली नाही. त्याची खंत फार दिवस राहिली नाही, संसार सुरू झाला. पण त्या दिवसापासून इंग्रजी बोलणाऱ्या माणसासमोर मी तोंड उघडणं बंद केलं. मुलांच्या शाळेत पालकसभेला जायची, शेवटच्या बाकावर बसायची आणि सही करून परत यायची. पदवी असून असं होतं, हे घरात कुणालाही सांगितलं नव्हतं. आज पहिल्यांदा लिहिते आहे.

म्हणून मला वाटतं की मुलांना तयार निबंध देणं हे वरवर दिसतं तेवढं साधं नाही. आपण मुलांना पाठशाळेत पाठवतो. न दिलेली वस्तू घेऊ नये, खोटं बोलू नये, हे त्यांना पाठ करून येतं. आणि त्याच संध्याकाळी क्लासमध्ये दुसऱ्याने लिहिलेलं 'माझं' म्हणून उतरवायला सांगतो, न खाल्लेल्या हलव्याची चव वर्णन करायला लावतो आणि त्याला नऊ गुण मिळाले की पेढे वाटतो. दोष मुलांचा नाही. त्यांना खरं लिहायला कुणी सांगितलेलंच नाही.

माझ्या सुनेचं म्हणणं असं की, "आई, तुमच्या वेळचं व्याकरण आता कुणी शिकवत नाही. ऐकून ऐकून भाषा आपोआप येते." तिचं अर्धं मला पटतं. लहान मूल घरातली भाषा ऐकूनच शिकतं. पण आपल्या घरात दिवसभर इंग्रजी कोण बोलतं? भाजीवाला बोलतो की मी बोलते? जी भाषा घरात नाही, तिचे नियम कुणीतरी समजावून सांगावेच लागतात. आमच्या वेळी नियम होते पण वाक्य नव्हतं. आता वाक्यं आहेत, तीही उसनी, आणि नियमही नाहीत.

व्याकरण मला पुढे आवडायला लागलं ते हिशेबामुळे. दुकानाची वही मी वीस वर्षं लिहिली. जमा आणि नावे जुळलं पाहिजे, तसं इंग्रजी वाक्यात कर्ता आणि क्रियापद जुळलं पाहिजे. 'ही' आणि 'शी'च्या पुढच्या क्रियापदाला 'एस' लागतो, 'दे'च्या पुढे लागत नाही. न जुळणारं वाक्य मला न जुळणाऱ्या तेरजेसारखं दिसतं, कुठं चुकलं ते शोधावंसं वाटतं. आणि रोजकीर्दीत चूक झाली म्हणून कुणी वही फाडत नाही. दुरुस्तीची नोंद करतात आणि पुढे जातात. मुलांच्या चुकांकडे असंच बघायला हवं.

मराठीशी ताडून पाहिलं तर हे नियम फार सोपे होतात. आपण म्हणतो, 'मी भात खाल्ला', क्रियापद शेवटी. इंग्रजीत खाणं आधी आणि भात नंतर. आपल्याला भूक 'लागते', इंग्रजीत माणूस स्वतःच 'हंग्री' असतो. मराठीत 'अ', 'ॲन', 'द' हा प्रकारच नाही, म्हणून आपली मुलं तिथंच जास्त अडखळतात. 'अवर' एच अक्षराने सुरू होतो तरी 'ॲन अवर', आणि 'युनिव्हर्सिटी'चं पहिलं अक्षर स्वर असून 'अ युनिव्हर्सिटी'. का? तर अक्षर पाहायचं नाही, आवाज ऐकायचा. हे कारण नातीला सांगितलं तेव्हा तिला पाठ करावं लागलं नाही, घरभर शब्द म्हणत फिरत होती.

आणि उलटंही सांगितलं. इंग्रजीत 'वी' एकच. आपल्याकडे 'आम्ही जेवलो' आणि 'आपण जेवलो' यांत केवढा फरक! पहिल्यात पाहुणा उपाशी राहतो. इंग्रजी नीट शिकायचं तर मराठी नीट यायला हवी, असं मला वाटतं ते यासाठी. ज्याला एका भाषेचं घर नीट लावता येत नाही, त्याला दुसरं कसं लावता येईल?

राहता राहिलं साहित्य. धडा न वाचता गाइडमधली उत्तरं वाचायची, ही रीत आमच्या वेळची आणि आजचीही. रेन आणि मार्टिन यांचं जाडजूड व्याकरण तुमच्यापैकी अनेकींनी पाहिलं असेल. हिंदुस्थानातल्या इंग्रज अधिकाऱ्यांच्या मुलांसाठी ते लिहिलं होतं म्हणतात. त्यातले रेनसाहेब कादंबरीकारही होते, त्यांची 'बो जेस्ट' १९२४ साली आली आणि खूप गाजली, हे मला साठीनंतर कळलं. व्याकरण लिहिणारा माणूसही गोष्टी सांगायचा. आमच्या वाट्याला नुसते नियम आले, गोष्ट कुणी दिलीच नाही.

म्हणून गाजराच्या हलव्यानंतर मी एक केलं. सुधा मूर्ती यांची 'हाउ आय टॉट माय ग्रँडमदर टू रीड' ही गोष्ट घेतली. इंग्रजी अगदी सोपं आहे आणि गाव आपल्या शेजारच्या कर्नाटकातलं, त्यामुळे वातावरण परकं वाटत नाही. साठी ओलांडलेली आजी. नात तिला दर आठवड्याला साप्ताहिकातली कादंबरी वाचून दाखवते. एकदा नात लग्नाला गेली आणि साप्ताहिक आलं. आजी नुसती चित्रं बघत राहिली आणि रडली. मग तिने अक्षरं शिकायचं ठरवलं. दसऱ्याच्या सरस्वतीपूजेपर्यंत ती वाचायला शिकली आणि नातीच्या पाया पडली.

रोज संध्याकाळी जेवण आटोपलं की आम्ही दोघी एक एक पान मोठ्याने वाचायचो. मीही वाचायची. नात माझे उच्चार सुधारायची, मी तिला विचारायची की इथं भूतकाळ का आला. चार दिवस लागले. शेवटी तिने विचारलं, "आजी, मोठ्यांनी लहानांच्या पाया का पडायचं?" मी म्हटलं, "ती नातीच्या पाया पडली नाही गं, गुरूच्या पाया पडली." ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "तू मला कधी शिकव म्हणाली नाहीस." तेव्हा मी तिला मुलाखतीची गोष्ट सांगितली.

दुसऱ्या दिवशी तिने पुन्हा निबंध लिहिला, कुणी न सांगता. त्यातली आजी सूर्यास्तानंतर जेवत नाही. थंडीच्या दिवसांत सहाच्या आत ताट मांडते आणि बाबांना उशीर झाला की रागावते. पाणी गाळूनच भरते. हिशेब तोंडी करते, कॅल्क्युलेटरपेक्षा लवकर. तिला इंग्रजी बोलायची भीती वाटते. पंधरा वाक्यं होती आणि अकरा चुका. तीन ठिकाणी 'द' नव्हता, दोन ठिकाणी 'एस' राहिला होता. आम्ही दोघींनी बसून दुरुस्तीच्या नोंदी केल्या.

तो निबंध तिने शाळेत दाखवला. दहापैकी सहा मिळाले. सून थोडी नाराज झाली आणि तिचंही चूक नाही, वर्षाच्या शेवटी गुणच मोजले जातात. पण पुढच्या पालकसभेला सुनेबरोबर मी गेले आणि पुढच्या बाकावर बसले. मोडक्या इंग्रजीत उभं राहून बाईंना विचारलं की, मुलांनी स्वतः लिहिलेल्या वाक्याला, चुका असल्या तरी, थोडे गुण राखून ठेवता येतील का? बाईंनी मराठीतच उत्तर दिलं. म्हणाल्या, "आजी, एका वर्गात पन्नास वह्या असतात, तयार निबंध तपासायला सोपा जातो." त्यांची अडचण खरी आहे. म्हणून महिन्यातून एकच निबंध मुलांच्या मनाचा असावा, एवढंच ठरलं. एवढंही पुष्कळ झालं.

चातुर्मास सुरू झाला आहे. आपण सगळ्याच काही ना काही नियम घेतो. यंदा मी एक जास्तीचा घेतला आहे: रोज नातीबरोबर इंग्रजीत पाच खरी वाक्यं लिहायची, त्या दिवशी घरात जे घडलं तेच. तुमच्या घरी शाळेत जाणारं मूल असेल तर तुम्हीही करून पाहा. इंग्रजी येत नसेल तर मुलाला शिकव म्हणा, त्यात कमीपणा नाही.

काल माझं पाचवं वाक्य होतं की माझे वडील भुईमूग लावायचे. नातीने एक चूक काढली. कुठली, ते सांगत नाही.

जय जिनेंद्र.