न्यायाचा पैसा, समितीचे डोळे आणि गिलोटिन

१/ अंधेरीत राज्यसंस्थेशी गाठ पडण्याची दोन ठिकाणे आहेत: तिथले न्यायालय आणि सहार विमानतळावरचा आप्रवासन कक्ष. पहिल्याचा खर्च मुख्यतः राज्य सरकार करते, दुसऱ्याचा केंद्रीय गृहमंत्रालय. हा पैसा कसा खर्च होतो हे बारकाईने विचारण्याचे काम लोकप्रतिनिधींच्या समित्यांचे. त्यांना ‘कागदी घोडे’ म्हणून हिणवण्याची आपल्याकडे रीतच आहे. परंतु घोडे कागदी नाहीत. त्यांचे पाय बांधलेले आहेत, आणि ते कोणी बांधले हे इतिहास सांगतो.

२/ १८९२ च्या कायद्याने कायदेमंडळाच्या सभासदांना अर्थसंकल्पावर बोलण्याची मुभा दिली, मत देण्याची नाही. मार्च १९०२ मध्ये गोपाळ कृष्ण गोखल्यांनी याच चौकटीत उभे राहून प्रश्न केला, की रयत दुष्काळाने पिचलेली असताना सरकारी तिजोरीत शिल्लक पडतेच कशी? भाषण गाजले, पण एक पैसाही अडवण्याचा अधिकार त्यांना नव्हता.

३/ १९२१ मध्ये केंद्रात लोकलेखा समिती आली. मात्र तिचा अध्यक्ष कोण? सरकारचाच वित्त सदस्य! ज्याच्या खात्याचा हिशेब तपासायचा, तोच तपासनिसांचा प्रमुख. ही विसंगती मिटायला १९५० साल उजाडावे लागले.

४/ त्याच वर्षी लोकसभेच्या पूर्वसुरी संसदेत अंदाज समिती स्थापन झाली. तेव्हा संसदेच्या अध्यक्षपदी होते गणेश वासुदेव मावळंकर, १९३७ मध्ये मुंबई विधानसभेचे अध्यक्ष झालेले. या समितीत मंत्र्याला स्थान नाही. १९६७ मध्ये मुंबईचे मिनू मसानी लोकलेखा समितीचे पहिले विरोधी पक्षीय अध्यक्ष झाले. सरकारची पकड अशी एकेक बोट सोडवून सैल करावी लागली.

५/ १९९३ मध्ये १७ विभागसंबंधित स्थायी समित्या नेमल्या गेल्या. २००४ मध्ये त्या २४ झाल्या. खर्च झाल्यावर पंचनामा करण्याऐवजी खर्चापूर्वीच मागण्या तपासाव्यात, हा हेतू.

६/ समित्या निरुपयोगी म्हणणाऱ्यांनी २००२ साल पाहावे. विधी आयोगाने १९८७ मध्येच दाखवले होते की दहा लाख लोकांमागे जेमतेम १०.५ न्यायाधीश आहेत आणि ते ५० हवेत. प्रणव मुखर्जी यांच्या अध्यक्षतेखालील संसदीय समितीने २००२ च्या फेब्रुवारीत न्यायाधीशांची संख्या वाढवण्याची शिफारस केली. पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्या अहवालाचा आधार घेत पाच वर्षांत ५० चे प्रमाण गाठण्याचा आदेश दिला.

७/ दोन दशके उलटल्यावरही सरकारनेच संसदेत दिलेला आकडा आहे सुमारे २१, आणि तोही मंजूर पदांचा. समितीने पाहिले, न्यायालयाने ऐकले, तिजोरी मात्र हलली नाही. अंधेरी, बोरिवली, मुलुंडच्या न्यायालयांत ‘पुढची तारीख’ घेऊन परतणारा पक्षकार याच वजाबाकीची किंमत चुकवतो.

८/ तिजोरी का हलत नाही? स्थायी समितीच्या अहवालात कपात सूचनेच्या स्वरूपाचे काहीही सुचवता येत नाही, असा नियम आहे. शिफारशी बंधनकारक नाहीत. बैठका बंद दाराआड. थोडक्यात, डोळे दिले आणि हात काढून घेतले.

९/ त्यात गिलोटिन! ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी, चर्चा झालेल्या-न झालेल्या सगळ्या मागण्या एकदम मताला टाकण्याची ही प्रथा. २०१८ मध्ये लोकसभेने एकाही मंत्रालयाच्या मागणीवर चर्चा केली नाही. २०२३ मध्ये सुमारे ४५ लाख कोटी रुपयांचा अर्थसंकल्प गदारोळातच मंजूर झाला. समितीने आठवडे खर्चून लिहिलेले अहवाल सभागृहाच्या टेबलावर पडून राहिले.

१०/ आप्रवासनाचेही तेच. १९२०, १९३९, १९४६ आणि २००० चे चार कायदे मोडीत काढणारे विधेयक २०२५ मध्ये आले. ते संयुक्त समितीकडे पाठवण्याची विरोधकांची मागणी मान्य झाली नाही. परदेशी माणसाला अडवण्याचे, ठेवून घेण्याचे, परत धाडण्याचे अधिकार देणाऱ्या कायद्याला समितीची चाळणी नको, तर मग कोणत्या कायद्याला हवी?

११/ यावर एक आक्षेप वजनदार आहे: दार बंद असते म्हणूनच सदस्य पक्ष विसरून बोलतात. खरे आहे. पण ब्रिटिश संसदेच्या समित्या साक्षी सहसा उघडपणे घेतात आणि विचारविनिमय बंद दाराआड करतात. आपण त्यांच्याकडून समिती घेतली, उघडे दार तेवढे घेतले नाही.

१२/ म्हणून मागणी मोजकीच असावी. अधिकाऱ्यांच्या साक्षी खुल्या व्हाव्यात. नाकारलेल्या प्रत्येक शिफारशीचे कारण मंत्र्याने सभागृहात उभे राहून सांगावे. गृह आणि विधी व न्याय या मागण्या चर्चेविना गिलोटिनखाली जाऊ नयेत. १९०२ मध्ये गोखल्यांपाशी प्रश्न होता, मत नव्हते. आजच्या खासदारापाशी मत आहे. प्रश्न विचारण्याची वेळ मात्र तो स्वतःच सोडून देतो.