संयम कुणाचा आणि टाळ्या कुणाला?

शिकार म्हणजे संयमाची साधना, असं म्हणणारे लोक आपल्याकडे अजून आहेत. भिंतीवर टांगलेलं काळविटाचं मुंडकं पाहिलं की यांना त्यामागची तपश्चर्या दिसते. मला दिसते ती लबाडी.

उघड्या माळावर हरणाजवळ पोचणं कठीण, हे आधी मान्य करू. जंगलात झाडाआड लपता येतं. सोलापूर-नगरच्या माळावर आडोसा म्हणजे फार तर गुडघाभर गवत. काळवीट जगतं ते मुख्यतः नजरेवर. एका मादीनं बिचकून उडी मारली की सगळा कळप पसार. म्हणून सरळ चालून जायचं नाही. वारा तोंडावर घ्यायचा, तिरकं जायचं, मध्येच थांबून रोखून बघायचं नाही. कळप चरत कुठे सरकणार हे ओळखून तिथे आधीच जाऊन बसायचं. मग तासन् तास हलायचं नाही.

पण हे करत कोण होतं? साहेब बैलगाडीच्या आडून जायचा, कारण शेतकऱ्याच्या गाडीला हरणं सहसा बुजत नाहीत. गाडी हाकणारा गावकरी, माळ ओळखणारा गावकरी. साहेबानं फक्त चाप ओढायचा. बडोदा, कोल्हापूर, भावनगरच्या संस्थानिकांनी तर तेही काम पाळीव चित्त्यावर सोपवलं. नंतर जीप आणि सर्चलाइट आले. तिथे कसला संयम?

खरा संयम होता पारध्याचा. शिकवलेल्या जनावराच्या आड एकेक पाऊल टाकत तो कळपाजवळ जायचा, नाहीतर फासे मांडून कळपाला न बुजवता तिकडे वळवायचा. त्याला काय मिळालं? १८७१ साली सुरू झालेल्या गुन्हेगार जमाती कायद्याचा शिक्का. तो कायदा १९५२ पर्यंत गेला, संशय मात्र आजही गेलेला नाही. एकाच माळावर, एकाच जनावरामागे दोघे. एक 'शिकारी', दुसरा 'गुन्हेगार'!

मग पारध्याला पुन्हा फासे लावू द्यायचे का? मुळीच नाही. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा योग्यच आहे, आणि तो सर्वांना सारखाच लागू हवा. जोधपूरजवळच्या १९९८ च्या काळवीट प्रकरणात एका सिनेनटाला शिक्षा व्हायला २०१८ उजाडलं, आणि दोन दिवसांत जामीनही झाला. पारध्याच्या वाट्याला अशी घाई कधी येते?

माझं म्हणणं एवढंच, की या विद्येचं कौतुक करायचं तर ती जिवंत ठेवा. वारा, वाट, कळपाची चाल ओळखणारा माणूस वनखात्याला गणतीसाठी, राखणीसाठी हवाच आहे. त्याला सन्मानानं पगार द्या.

आणि माळही राखा. रेहेकुरीचं काळवीट अभयारण्य जेमतेम सव्वादोन चौरस किलोमीटरचं. बाकीचा माळ सरकारी नकाशात 'पडीक'. त्यावर कुणी कारखाना आणतो, तर कुणी पुण्यकर्म म्हणून झाडं लावतो. गवतावर जगणाऱ्या जनावराला दोन्ही सारखेच.

गोंयकारांनी हे परक्या मुलखाचं दुखणं समजू नये. आपले सडेही असेच 'ओसाड' ठरवले जातात, आणि मग विकले जातात. बंदुकीनं एक हरीण मरतं. 'पडीक' या एका शब्दानं कळपच्या कळप जातात, आणि त्याचा आवाजही होत नाही.