भिंतीवरून उतरवलेला क्रूस

फ्लॉरेन्सजवळच्या सान दोनातो या गावात १९४७ साली लोरेन्झो मिलानी नावाचे चोवीस वर्षांचे कॅथलिक धर्मगुरू मुख्य पाद्रींचे मदतनीस म्हणून रुजू झाले. दिवसभर कारखान्यात किंवा शेतावर राबणाऱ्या तरुणांसाठी त्यांनी संध्याकाळची शाळा काढली आणि वर्गाच्या भिंतीवरचा क्रूस उतरवून ठेवला. महायुद्धानंतरच्या त्या इटलीत कम्युनिस्ट आणि चर्च यांच्यात उभा दावा होता. ही शाळा धर्मप्रचारासाठी आहे असा संशय एकाला जरी आला, तरी तो उंबऱ्यावरूनच परत जाईल, एवढेच मिलानी यांचे म्हणणे होते. आपल्याकडे कॅथलिक शाळांविषयी जो वाद चालतो, तो सगळा प्रार्थना, मूर्ती, भिंतीवरची चित्रे आणि नाताळच्या कार्यक्रमाभोवती फिरतो. त्यामुळे एका धर्मगुरूनेच पाऊणशे वर्षांपूर्वी हा प्रश्न कसा निकालात काढला, हे पाहणे मला आज गरजेचे वाटते. शिक्षकाची श्रद्धा त्याला शाळेत आणते आणि तिथे टिकवून धरते. शिकवायचा विषय मात्र ती नव्हे. ती खरी आहे की नाही, हे वर्गातल्या सगळ्यात मागे पडलेल्या मुलाकडे पाहून ओळखावे.

मिलानी गरिबीतून वर आलेले नव्हते. फ्लॉरेन्समधल्या सधन, विद्याव्यासंगी घरात १९२३ साली त्यांचा जन्म झाला. विख्यात भाषापंडित दोमेनिको कोम्पारेत्ती हे त्यांचे पणजोबा. आई ज्यू कुळातली, घरात धर्माचे फारसे कुणाला काही नव्हते. ज्यूद्वेषाचे वारे वाहू लागल्यावर सावधगिरी म्हणून १९३३ मध्ये मुलांचा बाप्तिस्मा उरकण्यात आला. लोरेन्झो चित्रकार व्हायला निघाले होते, मिलानच्या ब्रेरा अकादमीत शिकतही होते. १९४३ मध्ये, युद्ध ऐन भरात असताना, ते श्रद्धेकडे वळले आणि त्याच वर्षी सेमिनरीत दाखल झाले. ही पार्श्वभूमी महत्त्वाची आहे, कारण त्यांच्या पुढच्या सगळ्या कामाचे मूळ तिच्यात आहे. पुस्तकांनी भरलेल्या घरात वाढलेल्या मुलाला शब्द आयते मिळतात, शेतकऱ्याच्या मुलाला ते मिळत नाहीत, हा फरक त्यांनी स्वतःच्या घरातून ओळखला होता. आपल्याला वारशाने मिळालेली ही मालमत्ता इतरांच्या वाट्याची होती, असे त्यांनी मानले आणि ती परत करण्यात उरलेले आयुष्य घालवले.

त्यांचा युक्तिवाद धर्मगुरूच्या कामातूनच निघाला होता. १९५८ मध्ये आलेल्या ‘एस्पेरिएन्झे पास्तोराली’ या पुस्तकात त्यांनी दाखवले की, गावकरी मिरवणुकांना येतात, संस्कार घेतात, पण प्रवचनातला शब्द त्यांच्यापर्यंत पोचतच नाही, कारण ती भाषा त्यांची नाही. ज्याला वर्तमानपत्र वाचता येत नाही, त्याला शुभवर्तमान तरी कसे कळणार? म्हणून आधी शाळा. तरुणांना चर्चकडे ओढण्यासाठी खेळ आणि करमणुकीची सोय करावी, ही त्या काळातली रूढ पद्धत त्यांना गरिबांचा अपमान वाटे. वर्षअखेरीच्या आत चर्चच्या अधिकाऱ्यांनी ते पुस्तक बाजारातून काढून घ्यायला लावले. त्याआधीच, डिसेंबर १९५४ मध्ये, मिलानी यांची रवानगी मुजेल्लोच्या डोंगरातल्या बार्बियानाला झाली होती. विखुरलेली शे-सव्वाशे माणसांची वस्ती, गाडीरस्ता नाही, वीज नाही. शिक्षेची बदली म्हणजे काय, हे आपल्याकडच्या शिक्षकांना वेगळे सांगायला नको. मिलानी यांनी तिथे पोचताच गावच्या दफनभूमीत स्वतःसाठी जागा विकत घेतली. इथून दुसरीकडे जायचे नाही, हे त्यांनी पहिल्याच दिवसांत ठरवून टाकले होते.

बार्बियानाची शाळा प्राथमिक शिक्षणानंतर वाऱ्यावर सोडलेल्या पाच-सहा मुलांनिशी सुरू झाली. दिवसाचे बारा तास, वर्षाचे सगळे दिवस. सुट्टी नाही, कारण सुट्टी म्हणजे गोठ्यात शेण ओढणे, आणि मुलांना त्यापेक्षा शाळा बरी वाटे. एकच मोठे टेबल, त्यावर वर्तमानपत्र. बातमीतला एकेक शब्द सोडवत मुले इतिहास, भूगोल, कायदा शिकत. ज्याला आधी समजले त्याने मागच्याला शिकवायचे आणि तो तयार होईपर्यंत वर्ग पुढे न्यायचा नाही, हा नियम. एक लहानसा पोहण्याचा हौदही मुलांनी बांधला, डोंगरातल्या पोरांची पाण्याची भीती जावी म्हणून. लिहायचे ते सगळ्यांनी मिळून. प्रत्येकाने मुद्दे चिठ्ठ्यांवर टिपायचे, चिठ्ठ्या लावायच्या, पुनरुक्ती कापायची, अवघड शब्द काढायचा. याच रीतीने आठ मुलांनी ‘लेत्तेरा आ उना प्रोफेस्सोरेस्सा’ हे पुस्तक लिहिले. आपल्याकडे ते ‘प्रिय बाई’ म्हणून मराठीत आले आणि कित्येक शिक्षकांच्या हाती पोचले. शिक्षक होऊ पाहणाऱ्या मुलाला नापास करणाऱ्या बाईंना लिहिलेले हे पत्र मे १९६७ मध्ये प्रसिद्ध झाले. महिनाभरात, २६ जूनला, मिलानी कर्करोगाने गेले. वय चव्वेचाळीस.

पुस्तकातल्या तक्रारीला मुलांनी आकड्यांचा आधार दिला, हे मला सर्वांत मोलाचे वाटते. कोणत्या इयत्तेत किती मुले गळाली, त्यांचे वडील काय काम करत होते, याचे तक्ते त्यांनी सरकारी आकडेवारीतून तयार केले. इटलीच्या भौतिकशास्त्र परिषदेने या सांख्यिकीला पारितोषिक दिले. निष्कर्ष असा की, शाळा ज्याला ‘मठ्ठ’ म्हणून बाहेर काढते तो बहुधा शेतकऱ्याचा किंवा मजुराचा मुलगा असतो, आणि डॉक्टरांचा मुलगा पहिलीत येतानाच लिहितवाचत येतो. त्यांच्या मागण्या तीनच होत्या : नापास करू नका, मागे पडणाऱ्याला पूर्णवेळ शाळा द्या, आळशी दिसणाऱ्याला एखादे ध्येय द्या. महाराष्ट्राने २०२३ मध्ये पाचवी आणि आठवीच्या वार्षिक परीक्षेत नापास करण्याची तरतूद पुन्हा आणली. फेरपरीक्षेची संधी त्यात आहे, पण त्या दोन परीक्षांच्या मधल्या काळात त्या मुलाला कोण शिकवणार, हा बार्बियानाचा प्रश्न अनुत्तरितच आहे.

आता आपल्याकडे येऊ. वसईच्या कॅथलिक समाजाला हा भाषेचा प्रश्न परका नाही. घरी सामवेदी बोली बोलणारे मूल शाळेत आले की त्याच्यासमोर ग्रंथातली मराठी असते. ही दरी शाळेतल्या मास्तरांनी आणि बाईंनीच भरून काढायची असते. ज्या समाजातून फादर फ्रान्सिस दिब्रिटो साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदापर्यंत गेले, त्या समाजाच्या उभारणीत मराठी शाळेचा वाटा नाकारता येणार नाही. त्याआधीची परंपराही आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांनी गोव्यात लोकांच्या भाषेत ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराण’ रचले आणि ते १६१६ मध्ये छापले गेले. इतकी सामग्री हाताशी असलेल्या चर्चच्या शाळांची ओळख आज सामान्य माणसाच्या मनात ‘कॉन्व्हेंट’ अशी आहे. म्हणजे इंग्रजी, शिस्त आणि प्रवेशासाठी रांग.

राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने २०२१ मध्ये अल्पसंख्याक शाळांचा अहवाल दिला. धार्मिक अल्पसंख्याकांत ख्रिस्ती ११.५४ टक्के, पण अल्पसंख्याक शाळांपैकी ७१.९६ टक्के त्यांच्या. ख्रिस्ती शाळांतली सुमारे ७४ टक्के मुले अल्पसंख्याक समाजाबाहेरची. आणि सर्व अल्पसंख्याक शाळा मिळून सामाजिक व आर्थिकदृष्ट्या वंचित मुलांचे प्रमाण फक्त ८.७६ टक्के. अहवालामागच्या हेतूविषयी शंका घेता येईल. ७४ टक्क्यांचा आकडा तर मला अभिमानाचा वाटतो, कारण दुसऱ्याच्या मुलाला आपले मानून शिकवणे यातच कॅथलिक शिक्षकाची ओळख आहे. शेवटचा आकडा मात्र झोंबणारा आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या प्रमती निकालाने अल्पसंख्याक शाळांना शिक्षण हक्क कायद्यातून, म्हणजे २५ टक्के राखीव जागांच्या बंधनातूनही, वगळले. २०२५ मध्ये त्याच न्यायालयाच्या दुसऱ्या पीठाने त्या निकालाविषयी शंका व्यक्त करून प्रश्न मोठ्या पीठाकडे सोपवण्याची भूमिका घेतली. न्यायालय काय ठरवायचे ते ठरवील. संविधानाच्या कलम ३० ने अल्पसंख्याकांना दिलेला स्वतःच्या शाळा चालवण्याचा हक्क मला मान्य आहे, तो जपलाच पाहिजे. पण कायद्याने सूट दिली म्हणून शुभवर्तमानानेही सूट दिली, असे होत नाही.

यावर पहिला आक्षेप अपेक्षित आहे : श्रद्धेतून शिकवणारा शिक्षक म्हणजे आडवाटेने धर्मांतर. संविधानाच्या कलम २८ नुसार मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेत कुणालाही त्याच्या, आणि अज्ञान असेल तर पालकाच्या, संमतीशिवाय धार्मिक शिक्षणाला बसवता येत नाही. भारतीय कॅथलिक बिशप परिषदेने २०२४ मध्ये आपल्या शाळांना सूचना दिल्या, त्यांत अन्य धर्मीय मुलांवर ख्रिस्ती प्रथा लादू नयेत आणि सकाळच्या परिपाठात संविधानाची उद्देशिका वाचावी, असे सांगितले आहे. पण नियमांपेक्षा मिलानी यांचे उदाहरण मला अधिक पटते, कारण त्यांनी कुणाच्या दबावाखाली क्रूस उतरवला नाही. ज्याची श्रद्धा पक्की आहे, त्याला ती भिंतीवर टांगून दाखवावी लागत नाही. मृत्युपत्रात त्यांनी मुलांना लिहिले की, आपण देवापेक्षा तुमच्यावरच अधिक प्रेम केले, आणि तो असल्या बारकाव्यांकडे लक्ष देणार नाही अशी आशा आहे. धर्मप्रचारकाची भाषा अशी नसते.

दुसरा आक्षेप शिक्षकांचा आहे आणि तो गंभीर आहे. ‘सेवाव्रत’, ‘पाचारण’ या शब्दांच्या आडून शिक्षकाला राबवून घेतले जाते. महाराष्ट्रात प्राथमिक शाळेतला शिक्षणसेवक कित्येक वर्षे महिना सहा हजारांवर काम करत होता, २०२३ मध्ये ते मानधन सोळा हजार झाले. अशा माणसासमोर बारा तासांच्या शाळेचा आदर्श ठेवणे क्रूरपणाचे आहे. मिलानी यांना बायकामुले नव्हती, संसार नव्हता. प्राथमिक शाळेतल्या कॅथलिक बाईंना घर आहे, जनगणनेपासून पोषण आहारापर्यंतची कामे आहेत. म्हणून मी त्यांच्याकडून बारा तास मागत नाही. मिलानी यांचा मारही मागत नाही. टोकाच्या प्रसंगी बार्बियानात चाबूक वापरला जाई, हे त्या मुलांनीच लिहून ठेवले आहे आणि ते समर्थनीय नाही. शिक्षण हक्क कायद्याचे, मुलांना मारायला मनाई करणारे कलम १७ इथे मिलानी यांच्यापेक्षा श्रेष्ठ आहे. घ्यायचे ते एवढेच की, वर्गाचा वेग कुणी ठरवायचा. पुढच्या बाकावरच्या मुलाने की मागच्या? हा निर्णय आहे त्याच पगारात, तासांत आणि वर्गातही घेता येतो, पण त्यासाठी व्यवस्थापनाने निकालाच्या टक्केवारीचा दट्ट्या बाजूला ठेवायला हवा.

तिसरा आक्षेप पालकांचा : आम्हालाच इंग्रजी हवी आहे, गरिबांनाही हवी आहे. खरे आहे, आणि ती मागणी खोटी ठरवण्याचा अधिकार कुणाला नाही. मिलानी यांनीही मुलांना परकीय भाषा शिकवल्या, थोरल्यांना सुट्टीत परदेशी कामाला धाडले. पण ते सगळे मुलाला आपल्या भाषेत आपले म्हणणे मांडता आल्यावर. पहिलीच्या मुलाला न कळणाऱ्या भाषेत गप्प बसवणे म्हणजे इंग्रजी देणे नव्हे, तर त्याच्याकडचे होते तेही काढून घेणे.

बिशप परिषदेच्या २००७ च्या शिक्षण धोरणात गरीब, दलित आणि आदिवासी मुलांना प्राधान्य देण्याची भाषा आहे. ती खरी आहे का, हे तपासायला बार्बियानाच्या मुलांची रीत पुरेशी आहे. वसई, मुंबई, पुणे, नाशिक, गोवा, प्रत्येक धर्मप्रांताने आपल्या शाळांचा एक तक्ता दरवर्षी प्रसिद्ध करावा : पहिलीत किती मुले आली, त्यांतली किती दहावीपर्यंत पोचली, जी गळाली त्यांचे आईवडील काय काम करतात. त्यासाठी न्यायालयाची किंवा सरकारची परवानगी लागत नाही. ही आकडेवारी मुख्याध्यापकांच्या कपाटातल्या जनरल रजिस्टरमध्ये आधीच लिहिलेली आहे.